जिन्यावरची सुट्टी

स्वतःसाठी वेळ काढत जा, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यातल्या एकानंही, बरं, तेवढा वेळ मी बसतो तुझ्या आईपाशी, असं म्हटलं नाही. खालच्या मजल्यावरची भाभी तेवढी अपवाद. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा स्वभाव कसा आहे ते कळेल आणि पुढं कुणाला वाईट वाटायला नको.

आईला अर्धांगवायू झाला तो उजव्या अंगाला. उजवा हात पार गेला, पाय अर्धामुर्धा राहिला आणि बोलणं गेलं. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, सकाळची शिफ्ट. आमचं घर छावणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ पुण्याला, त्याचा संसार तिकडंच. माझं लग्न झालं नाही. आधी वडिलांचं आजारपण होतं, मग भावाचं इंजिनिअरिंग, मग लोकांनी विचारणंच सोडून दिलं. तर घरात आई आणि मी, दोघीच. सकाळी एक बाई येऊन आईची अंघोळ-वेणी करायची, मी कॉलेजातून आले की ती जायची. त्यानंतरचा दिवस आणि सगळी रात्र माझ्याकडं.

आईपाशी तीनचार शब्द उरले होते. जा, नको, हं. आणि एक शब्द कुठून तरी तिच्या जिभेवर येऊन बसला होता, तो म्हणजे बाजार. पाणी हवं असलं तरी बाजार, उशी सरकवायची असली तरी बाजार. आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळायचं. मग ती डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर चापट मारून घ्यायची. ते मला बघवायचं नाही. मी कधी तिचा हात धरायची, कधी चिडायची. आयुष्यभर जिच्या तोंडाचा पट्टा गल्लीनं ऐकला ती बाई गप्प झाली होती, आणि मला तिचा आवाज ऐकावासा वाटायचा. अगदी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुम्ही अशाच राहिलात तर मला दोन पेशंट बघावे लागतील. भाऊ मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा. त्यात कुणीतरी बाई डोंगरावर बसून कॉफी पिते आहे, केस उडताहेत, आणि खाली लिहिलेलं, स्वतःला भेटा. स्टाफरूममधली एक मैत्रीण तर मला ओढून क्रांती चौकातल्या एका हॉलमध्ये ध्यानाच्या शिबिराला घेऊन गेली. तिथं सगळ्यांचे फोन एका टोपलीत जमा केले आणि डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. पण टोपलीत कुणाचा तरी फोन थरथरत होता आणि माझा सगळा जीव त्या टोपलीत. शेवटी उठले, सगळ्यांच्या मधून वाट काढत गेले, फोन बघितला तर गॅसचं सिलेंडर घेऊन आलेला माणूस. गुरुजी हसले. मी चपला घातल्या आणि रिक्षा करून घरी आले.

मला खरी सुट्टी दिली ती आईनंच. एक दिवस दुपारचं जेवण झालं, मी तिचं तोंड पुसलं, आणि ती दाराकडं बोट करून म्हणाली, "जा." मला वाटलं तिला बाहेरून काहीतरी आणून हवंय. मी एकेक वस्तू विचारत बसले. ती मान हलवून थकली. मग तिनं मला चक्क ढकललं, डाव्या हातात होती तेवढी ताकद लावून. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला काही नको होतं, मी थोडा वेळ बाहेर जावं एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी परत तेच. मग रोजचंच झालं. जेवण, गोळ्या, तोंड पुसणं, आणि जा. मी आळस केला तर ती चिडून भिंतीकडं तोंड करायची. माझी दया आली बिचारीला, असं मला वाटायचं. दहावी झाल्यावर मला सायकल घेऊन द्या म्हणून वडिलांशी भांडली होती तशीच आता माझ्या वाटची सुट्टी ती माझ्याशीच भांडून मला देतेय, असं मनात यायचं.

गल्ली संपली की लष्कराची हद्द सुरू होते. तिथं रस्ते मोकळे, झाडं जुनी आणि दाट, भिंती चुन्यानं रंगवलेल्या. पडेगावकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडं एक छोटा पूल आहे. त्याच्या कठड्यावर कडुलिंबाची सावली असायची, तिथं मी जाऊन बसायची. भाभीला सांगून ठेवलं होतं की मी तिथं असते, काही वाटलं तर कुणाला तरी पाठव. तिच्याकडं आमच्या घराची किल्लीही होती. फोन बंद करून पर्समध्ये टाकायचा आणि बसायचं, बस्स. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. कुणी मॅडम म्हणत नाही, कुणी बाजार म्हणत नाही. कधी बसल्या बसल्या डुलकी लागायची. घरी येताना अंग हलकं झालेलं असायचं आणि मी आईशी चार शब्द गोड बोलायची. ते डोंगरावरचे व्हिडिओ अगदीच खोटे नव्हते म्हणायचे.

असे दोनअडीच महिने गेले असतील. एकदा मी फाटकातून आत येत होते आणि भाभी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला बघून हसली. ती मला बाजी म्हणायची, म्हणजे ताई. म्हणाली, "बाजी, तुम जाते नै, पीछे अम्मा गाते बैठते. क्या आवाज है उनकी!"

मी म्हटलं, भाभी, अम्माला बोलता येत नाही, गातील कुठून. टीव्ही ऐकला असशील. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि कानाला हात लावला. रोज गातात म्हणाली, तुमची चप्पल जिन्यावरून उतरली की सुरू होतं. तिला वाटलं होतं मला माहीतच असेल.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी निघाले. चपला वाजवत जिना उतरले, फाटक आपटलं. मग चपला हातात घेतल्या, अनवाणी परत वर आले आणि वरून चौथ्या पायरीवर बसले. दार मी कुलूप न लावता नुसतं लोटलं होतं. आत पंखा फिरत होता. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग आईचा आवाज आला.

ते गाणं नव्हतं. आई हेल काढून रडत होती.

आता हे सांगायला हवं. आमच्याकडच्या खेड्यांत कुणी गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि हेल काढतात. एकीनं सूर धरायचा, गेलेल्याचं सगळं त्यात घालायचं, तो काय खायचा, कसा हसायचा, कुणाला मागं टाकून गेला. मग तिनं थांबायचं आणि दुसरीनं होकार द्यायचा, व्हय गं माय, व्हय गं. मग दुसरीनं पुढचं उचलायचं. आई त्यात पटाईत होती. तिच्या माहेरी, कन्नड तालुक्यातल्या गावात, एखादी सून नवरा मेल्यावर दगडासारखी बसून राहिली तर आईला बोलावणं यायचं, हिला रडवा, नाहीतर छातीत राहील. आई जायची, त्या मुलीला मिठीत घ्यायची, आणि थोड्याच वेळात सगळं घर रडायला लागायचं. मी लहानपणी दोनतीनदा बघितलंय. भीती वाटायची आणि अभिमानही.

वडिलांनी ते बंद केलं. वडील गोदामात कारकून होते आणि बाकीचा सगळा वेळ विहाराचा. शिकलेला माणूस, चळवळीतला. आपण जुनं सगळं सोडून आलो, मग हे गळे काढणं कशाला, असं त्यांचं म्हणणं. माणूस गेला की वंदना घ्यायची, शांत बसायचं, सगळं अनित्य आहे हे समजून घ्यायचं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळं मी शिकले. आईनं ऐकलं. छावणीतल्या कुणाच्याही मयताला गेली तर पदर तोंडाशी धरून कोपऱ्यात बसायची. वडील गेले तेव्हाही पांढरी साडी नेसून तशीच बसली. सगळे म्हणाले, बाई मोठी समजदार. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. मीही तेव्हा समजदार होते.

आणि आता ती बंद घरात, एकटी, हेल काढत होती. पण मला रडू आलं ते त्यामुळं नाही. रडू आलं कारण तिला शब्द येत होते. जिला पाणी म्हणता येत नव्हतं तिच्या तोंडातून सबंध वाक्यं येत होती, एकामागून एक, तिच्या माहेरच्या बोलीत. थोडी बोबडी, पण सगळी तिची. आणि ती रडत कुणासाठी होती? आपल्या हातासाठी.

"आरं माझ्या हाता रं... माझ्या भाकरीच्या धन्या... लगनाघरी सयपाक केलास, कवा नाय म्हणला नाईस रं... लेकरं न्हाऊ घातलीस... आन मला जिती ठिवून तूच मेलास रं माझ्या राजा..."

मी पायरीवर बसून तोंडात ओढणी कोंबली. मला हसूही येत होतं. हाताला राजा म्हणणारी बाई जगात दुसरी नसेल. ती थांबली. पंख्याचा आवाज आला. ती का थांबली ते मला लगेच कळलं नाही, मग कळलं. ती दुसरीच्या होकारासाठी थांबली होती. दुसरी कुणी नव्हती. तेवढा वेळ सोडून तिनं पुढचं धरलं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले असं होतं काही पेशंटमध्ये, बोलण्याची जागा डोक्यात एकीकडं आणि सुराची दुसरीकडं. सुरावर बसून शब्द येतात. उत्तम लक्षण आहे, घरी गाऊन घ्या त्यांच्याकडून. मी लगेच तयारीला लागले. अंगाई म्हणून बघितली, जात्यावरचं म्हणून बघितलं, बुद्धवंदना तर रोज. आई माझ्या तोंडाकडं बघत राहायची, एखाद्या वेळी ओठ हलवायची, आणि मग भिंतीकडं वळायची. एकदा मी धीर करून वडिलांचा विषय काढला, त्यांच्या शेवटच्या आजारपणाचा, मुद्दामच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता येईल, आता येईल म्हणून मी श्वास रोखून बसले. तिनं डाव्या हातानं पदर ओढला, डोळे पुसले आणि दाराकडं बोट केलं. "जा."

म्हणजे सुट्टी माझी नव्हतीच. तिची होती. मी घरात असेपर्यंत ती समजदार बाई होती, वडिलांची बायको आणि प्राध्यापिकेची आई. मी गेले की ती माहेरची मुलगी व्हायची. मला तिचा आवाज हवा होता आणि तो मी घराबाहेर गेल्याशिवाय येणार नव्हता. हे समजल्यावर मला आधी रागच आला. जन्म दिलेल्या पोरीसमोर रडायला काय झालं? मी काय परकी आहे? असं मनातल्या मनात भांडत मी दोन दिवस जिन्यावर गेलेच नाही, त्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. पण तिथं आता मन लागेना. आत्ता ती काय म्हणत असेल, हेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी परत चपला हातात घेऊन पायरीवर.

भावाला मी फोनवर सांगितलं.  तो म्हणाला, ताई, रेकॉर्ड कर ना. उशीपाशी फोन ठेवून दे किंवा जिन्यावरून कर, मला ऐकायचाय तिचा आवाज, मुलांना ऐकवायचाय. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन बसले. आत तिनं सूर धरला. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

मी नाही दाबलं. फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला. भावाला सांगितलं की जमलं नाही, आवाज स्पष्ट येत नाही. तो दरवेळी विचारायचा, मी दरवेळी काहीतरी सांगायची. मला आजही त्याचं काही वाटत नाही. तिनं मला घालवून देऊन जे चार क्षण मिळवले होते, ते मी ऐकत होते हेच खूप झालं होतं. ते खिशात घालून पुण्याला पाठवायचे, तिथून कुणाकुणाच्या ग्रुपवर जायचे, खाली हात जोडलेले आणि रडके चेहरे यायचे. नको.

ते वर्षभर चाललं. मैत्रिणी म्हणायच्या, तू आजकाल बरी दिसतेस, कुठं जातेस दुपारची? मी म्हणायची, जरा पाय मोकळे करून येते. पायरी गार असायची, थंडीत तर फारच. भाभीनं एकदा काही न बोलता एक जुनी सतरंजी घडी करून पायरीवर ठेवून दिली. तिनं कधीच काही विचारलं नाही. मी भिंतीला डोकं टेकून ऐकायची. आई आज आपल्या आईसाठी रडायची, उद्या लहानपणी गेलेल्या भावासाठी, एकदा तर विकलेल्या शेळीसाठी. बऱ्याचदा वडिलांसाठी.

"पिवळ्या लुगड्यात आणलीस मला... पांढऱ्यात बसवून गेलास... रडू नको म्हणलास, व्हय म्हणले रं... कवापस्तोर रडू नको रं धनी... कवापस्तोर..."

आणि मग ती थांबायची. तो थांबलेला वेळ मला सहन व्हायचा नाही. पुढंपुढं मी ओढणीत तोंड खुपसून आवाज न काढता होकार द्यायला लागले. व्हय गं माय. व्हय गं. तिला ऐकू जात नव्हतं, पण जागा रिकामी राहत नव्हती. ती कुठं थांबणार, कुठून परत उचलणार, हे मला हळूहळू पाठ झालं. मुलांना आवर्त सारणी शिकवताना मध्येच तो सूर डोक्यात यायचा आणि खडू हातात धरून मी तशीच उभी राहायची.

थंडी संपत आली होती तेव्हाची एक दुपार. आईनं वडिलांचं म्हटलं, हाताचं म्हटलं. मला वाटलं झालं आजचं, मी चपला उचलल्या. तेवढ्यात तिनं नवीनच धरलं.

"माझ्या लेकी गं माय... दारी मांडव नाय पडला... हाती चुडा नाय भरला... बापाची काठी झालीस, भावाची शाळा झालीस... आन आता माझं हातरून झालीस गं... तुझं तुला काय ऱ्हायलं गं माझ्या बाई... कशी सरून गेलीस गं..."

मला वाटलं तिला एखादी मुलगी आधी होऊन गेली असेल, आम्हाला न सांगितलेली. इतकी मी खुळी. मग शाळा आली, हातरून आलं, आणि मला कळलं. हेल जित्या माणसासाठी काढत नाहीत. ती थांबली. होकाराची जागा होती. मी दिला नाही. व्हय गं कसं म्हणणार? मी होते ना. पायरीवर बसले होते, हातात चपला घेऊन.

किती वेळ बसले माहीत नाही. आत सगळं शांत झाल्यावर खाली गेले, फाटक वाजवलं, चपला वाजवत वर आले. तिनं तोंड पुसून घेतलं होतं. मी चहा केला. तिनं बिस्कीट बशीतून उचललं, डाव्या हातानं जेमतेम मोडलं आणि मोठा तुकडा माझ्यापुढं धरला. मी तो खाल्ला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून, आई, मी सरले नाही गं, असं सांगावंसं वाटत होतं. पण ते सांगायचं तर ऐकलं हेही सांगावं लागलं असतं, आणि मग उद्यापासून तिनं सूर धरला नसता. मी कपबशा विसळायला उचलल्या. तिनं लेकीचं परत कधी म्हटलं नाही, निदान मी ऐकत असताना तरी.

उन्हाळा लागता लागता तिला दुसरा झटका आला. दवाखान्यात नेली, पण परत आणली ती चादरीत. भाऊ रातोरात पुण्याहून निघून आला. सकाळी घर भरलं. विहारातली माणसं आली, कॉलेजातले सहकारी आले, खालची भाभी माझ्या शेजारी माझा हात धरून बसली. वंदना झाली. सगळं शांत, नीट, वडिलांना आवडलं असतं तसं. मी कोरडी होते. रडू येतच नव्हतं. कुणीतरी कुजबुजलं, हिला रडवायला पाहिजे. माझ्या मनात आलं, रडवणारी ही काय, पुढ्यात झोपली आहे.

आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. मावशी आली होती, आईची धाकटी बहीण, कन्नडहून पहिल्या गाडीनं. जुन्या वळणाची बाई, तिनं गल्लीच्या कोपऱ्यापासूनच हेल धरला होता. तशीच जिना चढून दारात आली. विहारातले एक काका उठले, हात जोडून म्हणाले, ताई, शांत व्हा, आपल्यात हे करत नाहीत. भावानंही तिला हातानं खूण केली. मावशी बावरून थांबली, पदर तोंडाशी धरला. अगदी आई धरायची तसा.

मी म्हटलं, "काका, रडू द्या तिला."

माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला असावा. काका खाली बसले. मावशी माझ्याकडं आली, गळ्यात पडली आणि तिनं सूर धरला, माझ्या बहिनी गं. मग ती थांबली. आणि मी म्हटलं, व्हय गं माय. व्हय गं. मोठ्यानं. मावशी क्षणभर चपापली, मला येतं हे तिला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मग पुढचं मी उचललं. भाकरीच्या हाताचं म्हटलं, पिवळ्या लुगड्याचं म्हटलं, तिच्या आईचं, तिच्या लहानग्या भावाचं, शेळीचंसुद्धा. लेकीचं तेवढं सोडलं. आईचेच शब्द, आईचाच सूर. प्राचार्य समोर बसले होते, माझे विद्यार्थी दारात उभे होते, मला कशाचं भान नव्हतं. वर्षभर ओढणीत दाबलेलं सगळं बाहेर आलं. भाऊ भिंतीला टेकून बसला होता आणि तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होता.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. भाऊ एक दिवस जास्त राहिला. दुपारी आम्ही दोघंच घरात होतो, आईची कॉट घडी करून भिंतीला लावलेली. तो मला म्हणाला, आता तू सुट्टी घे, कुठंतरी एकटी जाऊन ये, फोनबिन बंद ठेव, तू लई दमलीस. मी हं म्हटलं. रेकॉर्डिंगचं त्यानं काढलं नाही. माझी तयारी होती भांडायची, पण त्यानं काढलं नाही. मान खाली घालून फरशीवर बोटानं रेघा मारत बसला. केस पांढरे झालेला माणूस, पण मला तो शाळेतून मार खाऊन आलेला दिसायला लागला.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी तू म्हटलंस ते सगळं आईचं होतं ना?"

मी हो म्हटलं.

"माझ्याबद्दल काय म्हणायची?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, तुझ्याबद्दल कधी काही म्हणाली नाही. हेल गेलेल्या माणसासाठी असतो रे. तू आहेस, तुझं सगळं चांगलं चाललंय, तुझ्यासाठी ती कशाला रडेल. ते ऐकून त्याचा चेहरा निवळला. डोळे पुसले त्यानं.  मग एकदम माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "आणि तुझ्याबद्दल?"

"माझ्याबद्दल पण नाही," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला उठले.